रानटी प्राण्यांच्या पोटातले जंत: विष्ठा, शव आणि पाणी हाताळण्याची सविस्तर पद्धत

माळ्यावर किंवा बागेच्या कोपऱ्यात रानटी प्राण्याची विष्ठा दिसली, की ती ताजी असेल तर माणूस नाक दाबून लांब होतो आणि वाळून खडखडीत झालेली असेल तर बिनधास्त झाडूने लोटतो. गोलकृमींच्या, म्हणजे दोऱ्यासारख्या गोल जंतांच्या, बाबतीत धोका नेमका याच्या उलट असतो. ताज्या विष्ठेतल्या त्यांच्या अंड्यांपासून त्या दिवशी कुणालाच लागण होत नाही. तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या विष्ठेतल्या अंड्यांपासून होते. पट्टकृमी (फितीसारखे चपटे जंत) आणि जिआर्डियासारखे एकपेशीय परजीवी मात्र असा सवलतीचा काळ देत नाहीत, ते बाहेर पडतात तेच लागणीच्या तयारीने. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणत्या प्राण्याची?’ आणि लगेच दुसरा ‘किती दिवसांची?’ पुढची सगळी पद्धत या दोन उत्तरांवर ठरते.

कोणता परजीवी किती दिवसांनी घातक होतो

गोलकृमींपासून सुरुवात करू. रॅकूनच्या (उत्तर अमेरिकेतला एक मिश्राहारी प्राणी) आतड्यातला बेलिसास्कॅरिस आणि कुत्रा, लांडगा, खोकड यांच्या आतड्यातला टॉक्सोकॅरा हे दोन सगळ्यांत महत्त्वाचे. बेलिसास्कॅरिसची एक मादी दिवसाला लाखाहून जास्त अंडी घालते. अंड्यात अळी तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. ऊब आणि ओल असेल तर कमी, थंडीत जास्त. एकदा अळी तयार झाली की जाड कवचाच्या आत ती ओलसर मातीत कित्येक वर्षं टिकते. अशी अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळी आतड्यात फुटते, पण तिथे मोठी होऊन अंडी घालत नाही. ती भिंत पोखरून शरीरभर फिरते. टॉक्सोकॅराची अळी यकृत, फुप्फुस किंवा डोळ्यात जाते. बेलिसास्कॅरिसची अळी फिरता फिरता वाढतही राहते आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकते, म्हणून ती कितीतरी जास्त विध्वंस करते. असे रुग्ण फार थोडे आढळले आहेत, पण त्यांतले बरेच माती तोंडात घालण्याच्या वयातली लहान मुलं आहेत.

पट्टकृमींमध्ये खरी धास्ती एकायनोकॉकसची. एकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस हा खोकड आणि कायोटीच्या (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) आतड्यात राहणारा किडा जेमतेम १ ते ५ मिलिमीटरचा असतो. त्याने भरलेलं खोकडही तंदुरुस्त दिसतं. अंडी ३० ते ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोळ्यांना न दिसणारी. ती केसांना चिकटतात आणि बाहेर पडल्या क्षणापासून लागण करू शकतात. माणसाच्या यकृतात त्याची वाढ गाठीसारखी, आजूबाजूला पसरत जाणारी असते आणि त्रास जाणवायला ५ ते १५ वर्षं लागू शकतात. त्याचा भाऊबंद एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेले हायडॅटिड सिस्ट तयार करतो.

जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम बाहेर पडतानाच लागणक्षम असतात आणि दोन्हींच्या बाबतीत जेमतेम १० सिस्टसुद्धा (कवचात बंद सुप्त रूपं) माणसाला आजारी पाडायला पुरतात. टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीची ऊसिस्ट, म्हणजे तशीच कवचबंद रूपं, फक्त मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून येतात. ती घातक व्हायला १ ते ५ दिवस लागतात. रानमांजर किंवा बिबट्या ठेवलेल्या पिंजऱ्याची सफाई रोज करायची ती याचसाठी. गरोदर स्त्रीने हे काम करूच नये.

अंकुशकृमी आणि स्ट्राँगायलॉइडिस या आतड्यातल्या जंतांचा मार्ग वेगळा. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत तयार होतात आणि मुख्यतः थेट त्वचेतून शिरतात, तोंडावाटे नव्हे. माकडांच्या वावराच्या जागी अनवाणी फिरू नये त्याचं कारण हेच.

हरीण, ससा यांच्या लेंड्यांबद्दल मात्र थोडं धीराने घ्यावं. त्यांत जंतांची अंडी खच्चून असली तरी त्यांतले बहुतेक जंत रवंथ करणाऱ्या किंवा गवत खाणाऱ्या प्राण्यांपुरतेच असतात. तिथली खरी काळजी पाण्याची, कारण जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम त्यांच्यातही असतात. मांसाहारी आणि मिश्राहारी प्राण्यांची विष्ठा जास्त जपून हाताळायची.

अंडी कशाने मरतात आणि कशाने मरत नाहीत

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. ब्लीच, फिनाईल, अल्कोहोलचं सॅनिटायझर, यांपैकी कशानेही गोलकृमीची अंडी मरत नाहीत. ब्लीचने बेलिसास्कॅरिसच्या अंड्याचं चिकट बाह्य आवरण निघतं, त्यामुळे ती पुसायला सोपी जातात, एवढाच त्याचा उपयोग. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत टॉक्सोकॅराच्या अंड्यात अळी वाढवायची असेल तर ती १ ते २ टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवतात. जिवाणू मरतात, अंडी मजेत वाढतात. क्रिप्टोस्पोरिडियम तर पोहण्याच्या तलावातल्या नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवडाभर जिवंत राहतो. साफसफाईनंतर ब्लीचचा वास आला की काम झाल्यासारखं वाटतं, पण ते समाधान खोटं असतं.

गारठवूनही उपयोग नाही. घरातल्या फ्रीजरच्या उणे १८ ते २० अंश सेल्सिअसला एकायनोकॉकसची अंडी मरत नाहीत. ती मारायला उणे ७० ते ८० अंश लागतात आणि तेही किमान ४ दिवस.

भरवसा ठेवावा तो उष्णतेवर. बेलिसास्कॅरिसची अंडी ६२ अंशांच्या वर तग धरत नाहीत. एकायनोकॉकसची ६० ते ८० अंशांत काही मिनिटांत संपतात. उकळतं पाणी, वाफ, ज्योत, यांतलं जे जागेला झेपेल ते वापरायचं. दुसरा उपाय कोरडेपणाचा: एकायनोकॉकसची अंडी कडक उन्हात आणि सुक्या हवेत लवकर मरतात, ओल्या सावलीत महिनोन्‌महिने जगतात. पण कोरड्या जागी आपण झाडू मारला तर धुळीबरोबर अंडीही उडतात, म्हणून हा निसर्गावर सोडण्याचा उपाय आहे, सफाईचा नव्हे.

अपवाद एक लक्षात ठेवण्याजोगा: गुळगुळीत कठीण पृष्ठभागावर क्रिप्टोस्पोरिडियमसाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड २० मिनिटं ओलं राहील असं लावून ठेवलं तर काम करतं. लावून लगेच पुसलं तर नाही.

विष्ठेचा ढीग साफ करण्याची पद्धत

रॅकूनसारखे प्राणी एकाच जागी पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतात: झाडाच्या बुंध्याशी, लाकडाच्या ढिगावर, छपरावर, माळ्यावर. अशी जागा सापडली की आधी लहान मुलं आणि पाळीव प्राणी तिथून हटवा.

१. वापरून फेकायचे हातमोजे, एन-९५ मास्क, धुता येतील असे रबरी बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. साधा कापडी मास्क बारीक धूळ पुरेशी अडवत नाही.

२. हलका फवारा मारून विष्ठा ओली करा. जोराचा पाईप मारू नका, त्याने अंडी उडून आजूबाजूला पसरतात. झाडू आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही बंद. व्हॅक्यूमची मागची हवा हीच धूळ खोलीभर फेकते.

३. फावड्याने किंवा खुरप्याने विष्ठा उचलून दुहेरी प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधा. मातीवर असेल तर वरची ५ ते १० सेंटिमीटर मातीही काढा. विष्ठा जाळता येते, खोल पुरता येते किंवा बंद पिशवीत कचरा डेपोत देता येते. खत करायच्या खड्ड्यात टाकू नका. घरगुती खताच्या ढिगात सगळीकडे सारखी उष्णता येत नाही.

४. उघड्यावरच्या जागेवर उकळतं पाणी ओता. थंड मातीवर पडलं की ते झपाट्याने निवतं, म्हणून मोठ्या जागेवर एक बादली पसरण्यापेक्षा हातभर जागेवर भरपूर ओता आणि तीच जागा दुसऱ्यांदा भिजवा. काँक्रीट किंवा उघड्या मातीवर ब्लोटॉर्च चालतो: ज्योत फिरवा, माती उलथवा, पुन्हा ज्योत फिरवा. सुकं गवत, पालापाचोळा किंवा लाकूड जवळ असेल तर ज्योतीचा विचारही नको.

५. घराच्या आत गरम साबणपाणी आणि स्पंज वापरा. स्पंज वरचेवर वेगळ्या बादलीत धुवा, ते पाणी शौचकुपात टाका, काम संपल्यावर स्पंज फेकून द्या. पाण्याने खराब न होणाऱ्या पृष्ठभागावर शेवटी उकळतं पाणी फिरवा.

६. फावडं आणि बूट उकळत्या पाण्याने धुवा. हातमोजे आतली बाजू बाहेर येईल असे काढा, मास्क सर्वांत शेवटी. कपडे गरम पाण्यात धुवा आणि हात साबणाने, नखांच्या खालूनसुद्धा.

नवी विष्ठा दिसल्यावर दोन-तीन दिवसांत उचलली तर गोलकृमीच्या अंड्यात अळी तयारच होत नाही. माळा एकदा नीट साफ करून प्राण्याचा येण्याचा रस्ता बुजवणं हे दर महिन्याच्या धुण्यापेक्षा फायद्याचं. भोक बुजवण्याआधी आत पिल्लं नाहीत ना ते बघा, नाहीतर मादी दुसरीकडून छप्पर फोडते.

शव आणि मांस

रस्त्यावर मेलेलं खोकड किंवा कोल्हा उचलायचा असेल तर आधी केसांवर पाणी फवारा, कारण अंडी गुदद्वाराजवळच्या आणि शेपटीच्या केसांना चिकटलेली असतात. चामडं सोलणाऱ्यांनी ओल्या अवस्थेतच सोलावं. अभ्यासासाठी आतडं उघडायचं असेल तर प्रयोगशाळा ते आधी उणे ८० अंशांच्या शीतपेटीत ठेवतात. आख्खं शव असेल तर आठवडाभर, कारण गारठा आतपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

मांसातला धोका विष्ठेतल्यापेक्षा वेगळा. ट्रायकिनेला या गोलकृमीची अळी स्नायूत बसलेली असते. अस्वल, रानडुक्कर आणि वॉलरस यांचं अर्धकच्चं मांस हे तिचं ओळखीचं ठिकाण. तुकड्याच्या मध्यभागी ७१ अंश तापमान आलं की ती मरते. हे थर्मामीटर खुपसूनच बघायचं. रंगावरून अंदाज चुकतो. मीठ लावणं, सुकवणं, धुरी देणं आणि मायक्रोवेव्ह यांवर विसंबू नये. पाळीव डुकराचं मांस ठरावीक दिवस गारठवलं की ट्रायकिनेला स्पायरॅलिस मरतो, हे खरं. पण तोच नियम रानातल्या मांसाला लावणं घातक आहे. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या प्राण्यांमधला ट्रायकिनेला नॅटिव्हा गारठ्याला दाद देत नाही.

पाणी, रानमेवा आणि पाळीव कुत्रा

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वरच्या अंगाला कोणता प्राणी उभा होता ते दिसत नाही. पाणी खळखळ उकळल्यावर १ मिनिट ठेवा. २,००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. गाळणी वापरायची असेल तर तिच्या छिद्राचं माप ‘कमाल १ मायक्रॉन’ अशा हमीचं असावं. ‘सरासरी १ मायक्रॉन’ लिहिलेल्या गाळणीतून ४ ते ६ मायक्रॉनचा क्रिप्टोस्पोरिडियम निसटू शकतो. क्लोरीनच्या गोळ्या जिवाणूंना पुरतात, क्रिप्टोस्पोरिडियमला नाही. अतिनील दिवा चालतो, पण गढूळ पाण्यात किरण अडतात, म्हणून आधी गाळून घ्यावं.

जमिनीलगतची फळं आणि रानभाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुवा. अंडी चिकट असल्याने धुण्याने ती कमी होतात, संपत नाहीत. शिजवणं हा खात्रीचा उपाय.

कुत्रा हा रान आणि घर यांच्यामधला पूल आहे. रानउंदीर खाणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस सुमारे चार आठवड्यांत अंडी घालायला लागतो. म्हणूनच हा किडा असलेल्या भागात शिकारी किंवा मोकाट फिरणाऱ्या कुत्र्याला दर चार आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींवरचं औषध देतात. तीन महिन्यांच्या नेहमीच्या वेळापत्रकात मधले दोन महिने उघडे राहतात. दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, प्राझिक्वांटेल किडा मारतं, अंडी नाही, त्यामुळे औषधानंतरच्या काही दिवसांतली विष्ठा जपून उचलून बंद पिशवीत टाकायची. दोन, ते गोलकृमींवर चालत नाही. त्यासाठी फेनबेंडाझोल किंवा पायरँटेलसारखं वेगळं औषध लागतं. मात्रा कुत्र्याच्या वजनावर असते, पशुवैद्याकडून ठरवून घ्या.

तपासणीसाठी नमुना

वन्यजीव केंद्रात किंवा क्षेत्रकामात नमुना घ्यायचा असेल तर विष्ठेचा मातीला टेकलेला भाग सोडा. मातीत स्वतंत्र राहणारे सूत्रकृमी त्यात शिरतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली नसलेला रोग सापडतो. मधला ५ ते १० ग्रॅमचा भाग घ्या. डबीवर तारीख, वेळ, जागा, प्राणी आणि विष्ठा अंदाजे किती जुनी हे लिहा. झाकणावर नाही, डबीवर, कारण झाकणं बदलतात. दोन-तीन दिवसांत तपासणार असाल तर ४ अंशांना ठेवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, अंडी फाटतात आणि ओळखू येत नाहीत. जास्त दिवस ठेवायचं तर एक भाग विष्ठेला तीन भाग १० टक्के फॉर्मालिन. डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मालिन नको, ७० टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल वापरा.

जड द्रावणात अंडी वर तरंगवून शोधण्याची पद्धत सोपी आहे, चुकते ती द्रावणात. मिठाचं संपृक्त द्रावण १.२० विशिष्ट गुरुत्वाचं, म्हणजे पाण्याच्या १.२० पट जड, असतं. साखरेचं हवं असेल तर ३५५ मिलिलिटर पाण्यात ४५४ ग्रॅम साखर मंद आचेवर विरघळवा, साधारण १.२७ येतं. बुरशी येऊ नये म्हणून त्यात थोडं फॉर्मालिन घालतात. दर वेळी हायड्रोमीटरने मोजा, कारण बाटली उघडी राहिली की आकडा सरकतो. २ ते ३ ग्रॅम विष्ठा द्रावणात कालवून बारीक जाळीतून गाळा, नळीत भरून ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, वर फुगवटा येईपर्यंत द्रावण भरा, त्यावर कव्हरस्लिप ठेवून १० मिनिटं थांबा. घाई केली तर जड अंडी वर येत नाहीत. अर्धा तास ठेवलं तर मिठाचे स्फटिक दिसू लागतात. जिआर्डियाचे सिस्ट साखरेत आणि मिठात आकसतात, त्यांच्यासाठी १.१८ चं झिंक सल्फेट. चपट्या कृमींची, म्हणजे फ्लूकची, अंडी बहुतेक वेळा तरंगतच नाहीत. त्यांना तळाशी बसवून तपासावं लागतं. मोजणी हवी असेल तर मॅकमास्टर पद्धतीत (दोन कप्प्यांच्या मोजणीच्या काचेवर) ४ ग्रॅम विष्ठा आणि ५६ मिलिलिटर द्रावण घेऊन दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजायची आणि ५० ने गुणायचं; उत्तर दर ग्रॅममागे अंडी असं येतं.

वाचताना तीन जागी पाय घसरतो. परागकण पट्टकृमीच्या अंड्यासारखे दिसतात. एकायनोकॉकस आणि टीनिया (दुसरा एक पट्टकृमी) यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी करताच येत नाहीत, म्हणून तसं अंडं दिसलं की नमुना एकायनोकॉकसचाच समजून वागायचं. आणि मांसाहारी प्राण्याच्या विष्ठेत भक्ष्याच्या पोटातली अंडीही सापडतात: कोल्ह्याच्या विष्ठेत सशाचा परजीवी दिसला म्हणजे कोल्ह्याला तो रोग आहे असं नव्हे. एका नमुन्यात काही मिळालं नाही याचा अर्थ प्राणी निर्जंत आहे असाही नव्हे. अंडी पडणं रोज सारखं नसतं.

संपर्क झालाच तर

मुलाने संशयास्पद ढिगाजवळची माती तोंडात घातली तर लक्षणांची वाट पाहू नका. बेलिसास्कॅरिसची शक्यता असेल तर अल्बेंडाझोल हे जंतनाशक जितक्या लवकर, शक्यतो ३ दिवसांच्या आत, सुरू करतात. अळी मेंदूत पोहोचल्यावर औषधाचा उपयोग फार कमी राहतो. हा उपचार शरीराच्या दर किलोला रोज २५ ते ५० मिलिग्रॅम असा १० ते २० दिवस चालतो आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच. घरात असलेली जंताची एक गोळी देऊन निर्धास्त होणं म्हणजे हातची वेळ घालवणं.

डॉक्टरांना ‘पोट बिघडलंय’ एवढंच सांगू नका. कोणत्या प्राण्याशी, कधी, कसा संबंध आला ते सांगा, कारण तपासणी त्यावर ठरते. जिआर्डियाची लक्षणं १ ते ३ आठवड्यांनी आणि क्रिप्टोस्पोरिडियमची २ ते १० दिवसांनी येतात. दोन्हींसाठी शौचाची तपासणी उपयोगी, पण जिआर्डियासाठी वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत. टॉक्सोकॅरा, बेलिसास्कॅरिस आणि एकायनोकॉकस यांच्यासाठी मात्र माणसाच्या शौचाची तपासणी निरुपयोगी आहे. हे जंत माणसाच्या आतड्यात प्रौढ होतच नाहीत, मग अंडी येणार कुठून? तिथे रक्तातली प्रतिपिंडं, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचं प्रमाण, यकृताची सोनोग्राफी किंवा मेंदूचा एमआरआय लागतो.

माकडांबरोबर किंवा पिंजऱ्यातल्या प्राण्यांबरोबर नियमित काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. कोणत्याही कारणाने स्टेरॉईड सुरू होणार असतील, तर आधी स्ट्राँगायलॉइडिसची रक्ततपासणी करून घ्यावी. हा जंत शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो आणि स्टेरॉईडने प्रतिकारशक्ती दबली की अळ्या आतड्यातून सर्वत्र पसरून जीवावर बेतू शकतं.